चढण्याआधी जरा बस

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून जे जुनं लाकडी स्टूल उभं आहे ना, तेच मी. माझा एक पाय किंचित आखूड आहे, त्याखाली कागदाची घडी सरकवलेली आहे. रंग तर कधीच उडाला. आठवणी मात्र उडत नाहीत, आणि त्यातली एक तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मला एका सुताराने घडवलं, दार करून उरलेल्या लाकडातून. "वाया कशाला घालवायचं," म्हणत त्याने मला चार पाय ठोकले आणि घरी नेलं. घरात बायको आणि दोन लेकरं होती, दादा आणि त्याची धाकटी बहीण बबडी. आई धुलाईच्या दुकानात इस्त्री करायला जायची, सुतार आपल्या कामावर. दुपारभर ही दोघं घरात एकटी असायची. बबडी आईसाठी रडू लागली की दादा मला ओढत आणायचा, माझ्यावर चढायचा आणि वरच्या फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढायचा. "रडू नको, हे घे." तोंडात बिस्किट पडलं की रडणं थांबायचं. पोरगा मोठा गुणी. स्वतः तुकडाही न घेता डबा परत जागेवर ठेवायचा. सगळे त्याचं कौतुक करायचे, आणि खरं सांगतो, मलाही माझ्या उंचीचा अभिमान वाटायचा.

वर्षं सरली. सुतार गेला, आई गेली. दादा लग्न करून पलीकडच्या गल्लीत राहायला गेला. बबडी याच घरात राहिली आणि बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन टाकून लोकांच्या कपड्यांची शिवण आत घेऊन ते घट्ट करू लागली, उसवून सैल करू लागली. डबा मात्र फळीवरून हलला नाही. गिऱ्हाईक टाकून बोललं की ती माझ्यावर चढायची. ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा चढली, एखादी संध्याकाळ उगाच लांबली तरी चढली. ती अंगाने वाढत गेली तसे माझे सांधे कुरकुरू लागले. पण त्याचं मला काही वाटलं नाही, ओझं उचलण्यासाठीच तर माझा जन्म. मला वाईट वाटायचं ते तिच्या चेहऱ्याचं. डबा मांडीवर घेऊन ती माझ्यावर बसून खायची, आणि खाऊन झालं की आधीपेक्षा जास्त उदास दिसायची.

तिची खरी भूक मला बरोबर ओळखता यायची. सकाळभर मशीन चालवून पोटात कावळे ओरडू लागले की ती थेट शेगडीकडे जायची. कालचा भात असो नाहीतर नुसतं उकडलेलं अंडं, चार घास पोटात गेले की हात धुऊन मोकळी. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, ते खोटं नाही. तेव्हा तिला माझी आठवणही यायची नाही. दुसरी भूक मात्र एकदम यायची, तिला तेच बिस्किट हवं असायचं, आणि पोट तुडुंब झालं तरी तिचं समाधान व्हायचं नाही.

मग दादा आजारी पडला. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्याला हॉस्पिटलात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागायचं. बबडीची किडनी जुळत होती. ती द्यायला एका पायावर तयार झाली. पण तिचं वजन पाहून डॉक्टर म्हणाले, "आधी हे उतरवा. आत्ता ऑपरेशन केलं तर तुमच्याच जिवाला धोका आहे."

मित्रांनो, तेव्हापासून या घराचा जीव टांगणीला लागला. बबडी सकाळी ठरवायची, डब्याला हात लावायचा नाही. दुपारी वहिनीचा फोन यायचा, "आज त्यांना फार त्रास झाला गं," आणि फोन ठेवल्या ठेवल्या फरशीवर माझी खरखर ऐकू यायची. भावाच्या काळजीने ती खायची, आणि खाल्लं की भावाला वाचवण्याचा दिवस आणखी लांब जायचा. त्यात दादाची माया वेडी. ज्याला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागायचं, तो माणूस हॉस्पिटलातून परतताना बहिणीचा चेहरा उतरलाय म्हणून बिस्किटांचा पुडा आणायचा आणि डबा भरून ठेवायचा. लहानपणी लागलेली सवय, दुसरं काय!

एकदा तो असाच पुडा घेऊन आत आला, तेव्हा बबडी माझ्यावर उभी होती. एक हात डब्यात, गालांवर पाणी. दादा बघतच राहिला. मग त्याने तिला हाताला धरून खाली उतरवलं आणि तो स्वतःच माझ्यावर बसला. केवढा हलका झाला होता तो!

"बबडे, भूक लागलीय का रडू येतंय?"

"खाऊ दे ना रे काहीतरी."

"ते नाही विचारलं. भात गरम करून दिला तर खाशील?"

तिने गाल पुसले. मग म्हणाली, "नको."

"मग ही भूक नव्हे. तू रडलीस की मी आजवर तुझं तोंडच बंद करत आलो बघ. आता रड. मी बसलोय इथे."

त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ती रडली. दादाही रडला. पुडा ओट्यावर तसाच राहिला.

त्यानंतर बबडी मला ओढायची, पण आधी बसायची आणि स्वतःला तो प्रश्न विचारायची. कधी उत्तर भूक असायचं, मग ती शेगडी पेटवायची. कधी नुसता थकवा असायचा, मग जरा आडवी व्हायची. चुकायचीही, चढायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. वजन हळूहळू उतरू लागलं. दादा चिडवायचा, "तुझी किडनी बसवली की मीसुद्धा तुझ्यासारखा चिडका होणार बघ."

ते व्हायचं नव्हतं. दादाला ताप आला, रक्तात जंतू पसरले, आणि तो गेला. ऑपरेशन झालं असतं तरी तो वाचेल असा शब्द कुणी देऊ शकलं नसतं, असं डॉक्टरांनी बबडीला समजावलं. तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही, मला माहीत नाही.

माणसं भेटून गेली. शेजारच्या काकूंनी जाताना डबा काठोकाठ भरला. "खा गं काहीतरी, तेवढंच बरं वाटेल." दार लागलं. बबडीने मला फळीखाली ओढलं आणि एक पाय माझ्यावर ठेवला. मग तो खाली घेतला आणि बसली. "भूक लागलीय का रडू येतंय?" तिने मोठ्याने विचारलं. ऐकायला मी एकटाच होतो. ती पोटभर रडली. उन्हं उतरली तेव्हा तिला खरोखरच भूक लागली. तिने भात गरम केला, सवयीने दोन ताटल्या काढल्या, एक परत ठेवली, आणि जेवली.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलेला वजनाचा आकडा काट्यावर आला. "किती बारीक झालीस! केलंस तरी काय?" काकूंनी विचारलं. "दादाने शिकवलं," एवढंच ती म्हणाली आणि मशीनवर बसून स्वतःच्या सैल झालेल्या कपड्यांची शिवण आत घेऊ लागली. ज्याच्यासाठी तो आकडा हवा होता, तोच नव्हता.

मित्रांनो, रडू आलं आणि हात डब्याकडे गेला, तर चढण्याआधी जरा बसा. आणि घरात दुसरं कुणी रडत असेल, तर त्याच्या तोंडात घाईने काही घालू नका, त्याच्याजवळ बसा. दादाला हे समजलं तेव्हा त्याच्या हाती फार थोडे दिवस उरले होते. तुमच्याजवळ पुष्कळ आहेत.