कुरकुरणारी खुर्ची

"दमानं घे. आधी पाय बाहेर येऊ देत," ट्रकच्या मागे उभा राहून ओडमुंड म्हणाला. आत स्टाइनार होता. त्याने एक तपकिरी चामड्याची खुर्ची पुढे सरकवली. ओडमुंडने ती सवयीने कवेत घेतली आणि खाली टेकवली, तशी ती कुरकुरली. तो आवाज त्याने ओळखला. ती त्याचीच खुर्ची होती. सकाळी तिच्यातच बसून तो कॉफी प्यायला होता.

"ही कुठून उचलली?"

"काय ठाऊक. चढावरच्या घरांतून कुठूनतरी. लोकांनी दारात ठेवलं ते आम्ही घातलं ट्रकमध्ये," स्टाइनार म्हणाला. "असेल कुणाच्या तरी आजोबाची. म्हातारा गेला की खुर्ची आमच्याकडे."

जिवंतपणी स्वतःच्या मागे राहिलेलं सामान उतरवून घ्यायची पाळी फार थोड्यांवर येते.

काय घडलं असेल ते त्याच्या लगेच लक्षात आलं. लेक इंगुन काल शहरातून आली होती. रविवारी त्याचा वाढदिवस, आणि यंदा मी तुला चकित करणार आहे, असं ती महिनाभर फोनवर सांगत होती. शाळेच्या बँडचा ट्रक आज फिरणार आणि दाराबाहेर ठेवलेलं जुनं सामान घेऊन जाणार, हे साऱ्या गावाला माहीत होतं. तो ट्रक कुठल्या रस्त्याने न्यायचा हेही ओडमुंडनेच ठरवलं होतं. करायला गेलो काय आणि झालं काय, म्हणतात ते असं.

दर वसंतात शाळेच्या व्यायामशाळेत हा जुना बाजार भरे. गावाने नको असलेलं द्यायचं, गावानेच ते विकत घ्यायचं, आणि आलेल्या पैशांतून पोरांची वाद्यं आणायची. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत फाटका ढोल वाजलेला नॉर्वेत कुणाला खपत नाही. इंगुन बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची तेव्हापासून फर्निचरचा विभाग ओडमुंडकडे होता. पोर मोठी झाली, शहरात गेली, क्लॅरिनेट माळ्यावर गेली. ओडमुंड मात्र दरवर्षी येत राहिला. जन्मभर खाडीकाठच्या कारखान्यात खुर्च्यांचे सांगाडे जोडलेला माणूस, त्याला दुसऱ्या कुठल्या विभागात करमलंही नसतं.

खुर्ची माझी आहे, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण दोन गोष्टी आड आल्या. पहिली म्हणजे बोभाटा. बाजाराची प्रमुख हिल्डेगुन मनाने चांगली होती, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नसे. इंगुनने बापाची खुर्ची बाप घरात नसताना रस्त्यावर काढली, ही बातमी संध्याकाळच्या आत दुकानात पोचली असती. पोरीने मायेने केलेल्या कामाचं हसं झालं असतं.

दुसरी गोष्ट त्याने स्वतःच करून ठेवली होती. बाजारात राबणाऱ्यांनी आधी हात मारायचा नाही, रविवारी शेवटच्या तासाला जे उरेल त्यातून घ्यायचं, हा नियम त्याचाच. एका वर्षी पाद्रीबाईंनी एक पितळी दिवा पडद्यामागे सारून ठेवला होता. ओडमुंडने सगळ्यांदेखत तो उचलून टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, "देवाच्या घरी रांग नसेल, इथे आहे." ते वाक्य गावाने अजून जपून ठेवलेलं. आता त्याच तोंडाने काय सांगायचं?

त्याने खुर्ची आत नेली. किमतीची चिठ्ठी लावायचं कामही त्याचंच. बाकी खुर्च्यांना पन्नास-शंभर क्रोनर लिहिलेले होते. हिच्यावर त्याने तीनशे लिहिले आणि तिला एका मोठ्या कपाटाच्या मागे सरकवली.

घरी आला तर बैठकीत खिडकीपाशी नवी खुर्ची होती. करडं कापड, काडीसारखे पाय, पाठीला लाल फीत.

"रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण एवढी मोठी वस्तू लपवू कुठे?" इंगुन म्हणाली. "बस ना बाबा. हातातली पिशवी तरी खाली ठेव."

तो बसला.

"मागे रेल. बघ, आहे का आवाज? ती जुनी काय करकरायची, देवा. मी वरच्या खोलीत झोपले तरी कळायचं, बाबा उठला. आणि तू तर जन्मभर हेच काम केलंस. सुताराच्या घरी मोडकी खाट, तसलं तुझं."

"छान आहे," ओडमुंड म्हणाला. "आवाज नाही."

"आवडली ना? खरं सांग."

"आवडली गं."

खुर्ची वाईट नव्हतीच. बिचारीचा काही दोष नव्हता.

जुनी खुर्ची कुरकुरायची हे मात्र खरं. त्या खुर्चीचं चामडं योरुनने, त्याच्या बायकोने शिवलेलं होतं. ती कारखान्यात शिवणाच्या दालनात, तो जोडणीच्या. स्वतःच्या हातची एक तरी घरी हवी म्हणून त्यांनी ती हप्त्यांनी घेतली. पुढे योरुनची दृष्टी गेली आणि शेवटची काही वर्षं ती स्वयंपाकघरालगतच्या खोलीत पडून असायची. त्याच सुमारास खुर्ची कुरकुरायला लागली. ओडमुंड तेलाची बुधली घेऊन वाकला तशी आतून तिची हाक आली, "काय करतोयस?"

"तेल घालतो. शोभत नाही हे माझ्या घरात."

"राहू दे ते. ती कुरकुरली की मला कळतं, तू आहेस."

त्याने बुधली परत ठेवली. योरुनला जाऊन चार वर्षं झाली, तरी ती बुधली त्याने पुन्हा काढली नव्हती. हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? तेल घालायचं राहिलं, एवढंच.

शनिवारी पहाटेच तो शाळेत आला. दारं उघडायच्या आधी त्याने त्या कपाटाकडे एकदा पाहिलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पाद्रीबाईंनी दिवा लपवला होता, याने अख्खी खुर्ची लपवली होती. त्याने ती ओढून खिडकीखाली, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

दहाला घंटा झाली आणि गर्दी आत घुसली. पहिला पोचला तो ओस्लोहून येणारा व्यापारी, दरवर्षीचाच. टेबलं उलटी करून बघत, बोटांनी लाकूड खरवडत तो फिरत होता.

"सागवानी काही आहे का ओडमुंड? बारीक पायांचं, तुझ्या माझ्या लहानपणचं. कोरियात पाठवतो मी आता. तिकडे वेडे झालेत त्याच्यासाठी."

"एक टेबल आहे. आणि ही खुर्ची?" ओडमुंडच्या तोंडून निघून गेलं.

व्यापाऱ्याने तिच्याकडे वळूनही नीट पाहिलं नाही. "ही वाहून न्यायचे पैसे तू देणार असशील तरी नको. लोकांना आता हलकं लागतं, करडं लागतं. घर बदललं की टाकून देता आलं पाहिजे. जड वस्तूला आज कुत्रं विचारत नाही." मग थोडं नरमून म्हणाला, "आणखी वीस वर्षं थांब. हिलाही भाव येईल."

"वीस वर्षांनी मी कुठे असणार?"

"खुर्ची असेल की."

तो सागवानी टेबल घेऊन गेला. दिवसभर लोक येत होते. काही खुर्चीवर पिशव्या ठेवून वॅफल खात होते. एका जोडप्याने तिचा फोटो काढला. "अगदी आमच्या आजीकडची," म्हणून हसले आणि पुढे गेले. कुणी पुढे गेलं की ओडमुंडचा जीव भांड्यात पडे, आणि लगेच रागही येई. पोरगी द्यायची तर नाही, पण स्थळं का येत नाहीत म्हणून हिरमुसलेल्या बापासारखी त्याची गत झाली होती.

रविवारी दुपारी हिल्डेगुनने भोंगा हाती घेऊन जाहीर केलं, "सगळं अर्ध्या किमतीत. तीन वाजता कंटेनर."

कचऱ्याचा कंटेनर आवारात उभाच होता. स्टाइनार आणि बँडमधल्या पोरांचे आणखी दोघे बाप न खपलेलं सामान उचलून नेत होते. कोपऱ्यात एक ओकचं कपाट होतं, दारांवर द्राक्षांचे घोस कोरलेलं. कुणीतरी एखादा हिवाळा त्याच्यावर घालवलेला असणार. ते अखंड आत मावेना, म्हणून स्टाइनारने कुऱ्हाड घेतली. घाव ऐकू येत होते. ओडमुंडने खिडकी लावून घेतली आणि घड्याळाकडे पाहिलं. शेवटचा तास सुरू झाला होता. आता उरलेलं घ्यायला तो मोकळा होता.

तो गल्ल्याकडे निघणार तेवढ्यात मागे कुरकुर ऐकू आली.

खुर्चीत एक बाई बसली होती. पोटुशी, दिवस भरत आलेले. मासळीच्या कारखान्यातलं निळं जाकीट अंगावर होतं. पाय लांब करून तिने पाठ मागे टाकली होती, डोळे मिटले होते, दोन्ही हात पोटावर. ओडमुंड जवळ आला तरी तिला कळलं नाही. तिला तिथेच डुलकी लागली होती.

तो थांबला. त्याच्या खुर्चीत इतक्या निवांत कुणी झोपलेलं त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

बाईने दचकून डोळे उघडले. "माफ करा. उभं राहून राहून पाठ... तुम्ही इथले का?" तिची नॉर्वेजियन सावकाश होती, शब्द जपून ठेवत ती बोलत होती. या गावात पाद्रीबाईंनाही 'तू'च म्हणतात, तिथे तिचं ते 'तुम्ही' ऐकून ओडमुंड जरा ताठ उभा राहिला.

"हो. कुठली तू?"

"लिथुआनियाची. दाइवा माझं नाव. बंदराच्या धक्क्याजवळ राहतो आम्ही." तिने खुर्चीच्या हातावरची शिवण बोटाने चाचपली. "हे चामडं हाताने ओढून शिवलंय. माझी मावशी तिकडे हेच करते, तुमच्या नॉर्वेच्या खुर्च्यांची चामडी शिवते. स्वतःच्या घरी लाकडी बाकावर बसते ती."

कारखान्याने शिवणाचं दालन स्वस्त मजुरीसाठी परदेशी हलवलं ते कुठे हलवलं, हे ओडमुंडला ठाऊक होतं. त्या वर्षी तिकडच्या लोकांना त्याने मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. बाकावर बसलेली कुणाची मावशी तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आली नव्हती.

"पाठीला बरी वाटते?" त्याने विचारलं.

"फार. बाळाला घेऊन बसायला चांगली आहे." ती पुढे झाली, पुन्हा रेलली. खुर्ची कुरकुरली. तिचा चेहरा पडला. "पण हा आवाज. आमची एकच खोली आहे. नवरा रात्रपाळी करून दिवसा झोपतो. बाळही उठेल. हा जाईल का हो?"

जायचा नाही, असं म्हणायचं होतं. तेवढं एकच वाक्य. ती उठून गेली असती, तीन वाजले असते आणि खुर्ची घरी गेली असती. ओडमुंडने तोंड उघडलंही होतं.

बाहेर कुऱ्हाडीचा घाव पडला. दाइवा त्याच्याकडे बघत होती. त्याच्या शब्दावर ती विश्वास ठेवणार हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"जातो," तो म्हणाला. "बस तू. मी आलोच."

शिवणकामाच्या वर्गातून त्याने मशीनच्या तेलाची बुधली आणली. दाइवाला बाकावर बसवलं, खुर्ची आडवी केली आणि गुडघे टेकले. कुठे काय घासतं ते शोधावं लागलं नाही. बुधली धरलेला हात थोडा थांबला. मग त्याने दोन्ही बाजूंना थेंब सोडला, कापडाने पुसलं आणि खुर्ची उभी केली.

तो तिच्यात बसला. मागे रेलला. पुढे आला. पुन्हा एकदा मागे रेलला आणि कान देऊन बसून राहिला.

"गेला," दाइवा म्हणाली.

"हो. गेला."

"आज अर्धी किंमत ना?"

"हिची नाही," ओडमुंड म्हणाला. लांबून हिल्डेगुनने भुवया उंचावल्या. दाइवाने एकदा खुर्चीकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तीनशे क्रोनर मोजून दिले. स्टाइनारला हाक मारून ओडमुंडने खुर्ची तिच्या गाडीत चढवली. गाडीचं मागचं दार लागेना, तेव्हा ते दोरीने बांधून दिलं.

"दरवर्षी घालत जा थेंबभर," तो म्हणाला. "विसरू नकोस."

घरी इंगुनने केक करून ठेवला होता. त्याने तोंड धुतलं, कपडे बदलले.

"आपली जुनी खुर्ची गेली का रे कुणाकडे?" तिने विचारलं.

"गेली. पूर्ण किमतीला."

"बघ. आणि काल तू म्हणत होतास, जड वस्तूंना गिऱ्हाईक नाही." ती खुश होऊन स्वयंपाकघरात गेली. केकवरच्या मलईसाठी भांडी खडखडू लागली.

ओडमुंड खिडकीपाशी करड्या खुर्चीत बसला. समोर खाडीवर अजून लख्ख उजेड होता. तो मागे रेलला, पुढे आला, मागे रेलला. खुर्ची हूं की चूं करत नव्हती. बराच वेळ तो तसाच बसून होता.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

"बाबा," इंगुनने आतून विचारलं, "आहेस ना तिथे?"

त्याने मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली.

"आहे गं," तो म्हणाला. "इथेच आहे."