झुंबरबाईचं तांब्याभर पाणी

मित्रांनो, ओळख नंतर सांगते, आधी तक्रार. या घरचा धनराज दारी आलेल्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवतो, "आईची वेळ भरली होती." मी त्याच्या डोक्यावरच, खिळ्याला वेटोळं करून टांगलेली. मला सगळं ऐकू येतं. पण मान वर करून माझ्याकडं बघायची त्याची हिंमत नाही.

मी एक जुनी अर्थिंगची तार आहे. जस्त चढवलेली, उन्हापावसात राहूनही गंजाचा ठिपका न लागलेली. बढाई मारते म्हणा हवं तर.

१९९१ साली दिंडोरीत हे घर बांधलं, तेव्हा बहिरू वायरमननं मला आणलं. अंगणात पुरुषभर खड्डा खणून त्यानं तांब्याचा पत्रा उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा भरला. माझं एक टोक त्या पत्र्याला, दुसरं घरातल्या बोर्डात. घरात विजेच्या तारा तीन. एक वीज आणते, दुसरी परत नेते. दिवे लागतात त्या दोघींमुळं, म्हणून मान त्यांचा. तिसरी मी. एरवी माझ्यातून काहीच वाहत नाही. पण वाट चुकून वीज पाण्याच्या मोटारीच्या नाहीतर फ्रिजच्या लोखंडी अंगावर आली, की तिला जमिनीत नेऊन सोडायचं काम माझं.

"मावशी, माती सुकली की ही कामाची नाय," बहिरू धनराजच्या आईला, झुंबरबाईला म्हणाला. "उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी घाला."

"म्हणजे ही पण सासुरवाशीणच की! तहान लागली तरी मागायची नाय," झुंबरबाई हसली.

तिनं उन्हाळा-पावसाळा पाहिला नाही. रोज सकाळी चहा झाला की माझं पाणी. खंडेनवमीला धनराज ट्रॅक्टरला हार घालायचा, तेव्हा ती माझ्या खड्ड्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवायची.

१९९६ साली हौदावरच्या मोटारीच्या अंगावर वीज उतरली. मी ती क्षणात खाली ओढली, तसा फ्यूज उडाला. सगळे म्हणाले, फ्यूजनं वाचवलं. बहिरू तेवढा म्हणाला, "फ्यूज उडाला तो हिच्यामुळं." त्या दिवशी झुंबरबाईनं मला दोन तांबे पाणी घातलं.

मग २००४ साल आलं. धनराजच्या लेकीचा, तृप्तीचा साखरपुडा ठरला. अंगणात फरशी बसवायची होती, आणि माझ्या खड्ड्यापाशी चिखल. धनराजनं मला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला नाही.

"मेलेली तार हाय ही. उगं चिखल करती."

"बहिरूला तरी विचार आधी," झुंबरबाई म्हणाली.

"आई, तुला सही येत नाय, लाईटीतलं काय कळतंय?"

धनराजनं पक्कड घेऊन मला जमिनीलगत तोडलं. खड्डा फरशीखाली गेला. माझं वरचं टोक बोर्डात तसंच राहिलं, आणि तोडलेलं टोक त्यानं समोरच्या लाकडी खांबाला बांधलं, कपडे वाळत घालायला. पाहुण्यांनी कौतुक केलं. तार लय भारी हाय म्हणे! मला तोंड असतं तर मी अंगण डोक्यावर घेतलं असतं.

झुंबरबाई मात्र त्या फरशीवर रोज तांब्या ओतायचीच.

"आई, निसरडं होतं ना!"

"तहान फरशीला नाय रे, खालच्या बाईला हाय."

पुढच्या एप्रिलातली सकाळ. मोटार चालू होती आणि आतली वायर सोलली गेली होती. वीज मोटारीच्या लोखंडी अंगावर आली, तिथून बोर्डातून माझ्यात. मी जुन्या सवयीनं तिला जमिनीकडं न्यायला निघाले. जमीन होतीच कुठं? वीज माझ्या अंगात भरून राहिली. झुंबरबाईनं फरशीवर तांब्या ओतला आणि तशाच ओल्या पायांनी धुतलेलं लुगडं उचलून माझ्याकडं हात वर केला.

मित्रांनो, त्या दिवशी विजेला जमिनीची वाट मिळाली ती तिच्या अंगातून. तेरा वर्षं जिनं मला पाणी पाजलं, तिचा हात माझ्यावर घट्ट बसला आणि मला तो सोडवता आला नाही.

बहिरू आता म्हातारा झालाय. त्यानं मला बोर्डातून आणि खांबावरून सोडवून धनराजच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हिला टाकू नको. रोज दिसंल अशी ठेव." मग परसात नवा खड्डा केला, नवी तार बसवली.

मुलांनो, तुम्ही विजेच्या तारेला हात लावू नका. पण घरातल्या मोठ्यांना एवढं विचारा, आपल्या घरातली तिसरी तार जाते कुठं? उत्तर आलं नाही, तर वायरमन येईपर्यंत त्यांना सोडू नका. आणि कपडे दोरीवर वाळत घाला, तारेवर नाही.

आता धनराज, तुला सांगते, वर बघ. वेळबीळ काही भरली नव्हती. तिला सही येत नव्हती, पण तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं. परसातला नवा खड्डा कोरडा पडलाय, तुझ्या आईचा तांब्या घे आणि पाणी घाल. आणि उद्या दारी कुणी आलं, तर त्याला म्हण, "तार मी तोडली."