गालाला टेकते ती मी

मी एक सळई बोलतेय. पेनाएवढी लांब, अंगाने सडपातळ, टोकाला चार बारीक टिकल्या. शेपटीला वायर, वायरीला एक डबी आणि डबीवर तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. काम मी करते, पण माणसं बघतात दिव्यांकडे. त्याची मला सवय झाली आहे.

माझा जन्म लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चारुदत्त नावाचा इंजिनिअर तिथे कापसाची ओल मोजायची यंत्रं बनवायचा. ओल्या कापसातून वीज सहज जाते, कोरड्यात अडखळते. माझी थोरली भावंडं आजही कापसाच्या ढिगात खुपसली जातात आणि व्यापारी त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करतो. ओल कमी निघाली तरी करतो.

यवतमाळात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर आरिफा मॅडम एकदा चारुदत्तकडे आल्या. कॅन्सर झालेल्या मांसातून वीज निराळी जाते, चांगल्या मांसापेक्षा बहुधा सोपी जाते, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणाल्या, "तू कापसाची ओल मोजतोस ना, तसं मला गालाचं मोजून दे." चारुदत्तने आधी बटाटे आणले. कच्च्या बटाट्यात मी अडखळले, उकडलेल्यात सरळ पार गेले. ते बटाटे नंतर त्याच्या बायकोने भाजीत टाकले. मग त्याने मला स्वतःच्या गालाला टेकवलं. अशी मी झाले.

मला काही दुखत नाही. मी कुणाला दुखवतही नाही, कारण माझी वीज जिभेलासुद्धा कळत नाही. मला एवढंच समजतं की वाट मोकळी आहे की अडलेली. अडलेली असली की हिरवा लागतो, मोकळी असली की लाल, मधलं काही असलं की पिवळा. गाल कुणाचा, तो माणूस कुणाचा कोण, हे मला आपोआप समजत नाही. ते मी ऐकून ऐकून शिकले.

मॅडमनी मला पहिल्यांदा ढाणकी गावाला तोंड तपासायच्या शिबिरात नेलं, बाजाराच्या दिवशी. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली होती. लोकांना माझं भय वाटलं नाही, विजेचं वाटलं. "शॉक लागते का जी?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "चप्पल घालून बसू का?" घरी बटणाला हात लावताना पायात चप्पल हवी, म्हणून इथेही हवी. मॅडम सगळ्यांना चप्पल घालू द्यायच्या. मग मी तोंडात जायचे. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन आतून चामड्यासारखे झालेले गाल मी तिथे पाहिले. आणि खर्रा खात नाही असं सांगणारी माणसंही तिथेच पाहिली, बोलताना त्यांचे दात लाल दिसत होते.

अभिषेक आला तो मात्र दवाखान्यात, अगदी सकाळी. सरकारी कार्यालयात नोकरी, इस्त्रीचा शर्ट, नवं लग्न. खरं तर नवरा-बायको दोघं यायचे होते. तिघं आले. पुढे आई, कुंदाताई. मध्ये अभिषेक. मागे त्याची बायको केतकी, हातात अजून हिरवा चुडा. ती भिंतीकडेच्या बाकावर बसली आणि पर्स मांडीवर घेऊन पर्सच्या चेनकडे बघत राहिली. नव्या सुनेने कुठे बघावं हे कुणी तिला सांगितलं नसणार. पण चेनकडे बघितलेलं कुणाला खटकत नाही.

"अक्कलदाढ येऊन राह्यली त्याची," कुंदाताई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

"खर्रा?" मॅडमनी विचारलं.

"नाही जी! आमच्या घरात सुपारीचं खांडही येत नाही. पाहायले आले तेव्हाच सांगितलं होतं आम्ही, पोरगा निर्व्यसनी आहे म्हणून."

अभिषेक छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"तोंड उघडा. मोठं."

"एवढंच होते," तो म्हणाला.

तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. बॅटरीचा उजेड शेवटच्या दाढेपर्यंत पोचेना. मॅडमनी आरसा घालून पाहिला, मान वाकडी करून पाहिलं. मागे उजव्या गालावर काहीतरी पांढुरकं होतं, पण काय ते त्यांना नीट दिसत नव्हतं. मग त्यांनी मला उचललं. मी बारीक आहे, फटीतून जाते.

"काही खाऊन नाही ना आलात? फोनवर सांगितलं होतं."

"चहासुद्धा नाही दिला," कुंदाताई म्हणाल्या. खरंच बोलल्या.

मॅडमनी कोरड्या कापसाने गाल पुसला आणि मी टेकले. वाट अडलेली होती. चांगल्या गालात असते त्याहूनही जास्त अडलेली. मला तिथे काहीतरी वेगळं लागलं, पण मला वाटून काय उपयोग? माझ्याकडे दिवा आहे, तोंड नाही. हिरवा लागला.

"पाहा," कुंदाताई उठल्याच. "म्हटलं होतं न मी? दाढच आहे." त्यांनी पदर खोचला, अभिषेकच्या शर्टाची कॉलर सारखी केली. मॅडमचं समाधान झालेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, महिन्याने पुन्हा या, तोंड उघडायचा व्यायाम करा. अभिषेकने मान हलवली. महिन्याने तो येणार नव्हता. अशी मान मी ढाणकीला पुष्कळ पाहिली होती.

तिघं दारापर्यंत गेले. कुंदाताईंनी पायात चपला सरकवल्या. तेव्हा केतकी बोलली. आवाज इतका खाली होता की मॅडमनी "काय?" म्हणून विचारलं.

"सकाळी ह्यायच्या गालाले तूप लावलं होतं," ती म्हणाली. "आईंनी. रोज लावतात, आग होते म्हणून."

कुंदाताई दारातून परत फिरल्या.

"तूप म्हणजे खाणं आहे का?" कुंदाताई म्हणाल्या. "अंगात उष्णता झाली की गालाले तूप लावतेतच. माह्या आईनं लावलं, मी लावलं. त्याच्यात काय चोरी आहे?"

चोरी काहीच नव्हती. पण तुपाच्या थरातून माझी वीज जात नाही. मी गाल मोजलाच नव्हता. मी तूप मोजलं होतं आणि हिरवा दिवा लावला होता. इथे मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं. वाटलं नाही. सळईला वाटत नाही. पण मॅडमच्या हातातला माझ्यावरचा दाब वाढला, तेवढं कळलं.

"बसा परत," त्या म्हणाल्या.

कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या. मॅडमनी ओल्या कापडाने गाल पुसला, मग कोरड्याने पुसला. तेवढ्यात त्यांनी केतकीला विचारलं, "तोंड कधीपासून कमी उघडतं?"

केतकीने सासूकडे पाहिलं नाही. म्हणाली, "लग्नात नाव घेऊन मी ह्यायले जिलबीचा घास दिला. तो गेलाच नाही. अर्धा खालीच पडला. सगळे म्हणाले, नवरदेव लाजला." तिने पुढे सांगितलं, "मलाही तेच वाटलं होतं. मग कपडे धुताना पँटच्या खिशात खर्र्याच्या पन्न्या सापडायला लागल्या."

"पाहा, कशी घडाघडा बोलून राह्यली," कुंदाताई म्हणाल्या. "घरी मीठ मागायले तोंड उघडत नाही."

मी टेकले. वाट मोकळी होती. पुढे सरकले, तिथेही मोकळी. लाल.

त्यानंतर जे झालं ते मला अजून कळलेलं नाही. माणसांनी गालाकडे बघायला हवं होतं. ती केतकीकडे बघू लागली.

"चांगला हिरवा लागला होता," कुंदाताई म्हणाल्या. "ही बोलली अन् लाल झाला. काय पायगुण घेऊन आली, बाई! तुले कोणी विचारलं होतं?"

केतकी पर्सच्या चेनकडे बघत होती. चेन तिने पूर्ण उघडली, मग पूर्ण लावली. रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, हिच्या गालाला टेकले असते तर मलासुद्धा काही लागलं नसतं.

"पहिलाच दिवा धरा न मॅडम," अभिषेक म्हणाला. तो हे हसत हसत म्हणाला, पण खुर्चीचा हात त्याने घट्ट पकडला होता.

"दिवा धरायचा नसतो," मॅडम म्हणाल्या. "ही सळई बोट दाखवते, एवढंच. तिला कॅन्सर कळत नाही, आणि ती अजून चाचणीतच आहे. नागपूरला जाऊन तिथला बारीक तुकडा काढून तपासायचा. मग नक्की काय ते कळेल. लवकर जा."

"तुकडा नाही काढायचा!" कुंदाताईंचा आवाज चढला. "चाकू लागला की पसरते. आमच्या शेजारच्याचं तसंच झालं. चांगला हिंडता-फिरता माणूस, तुकडा काढला अन् गेला."

"तो उशिरा गेला असेल, ताई. चाकूनं नाही पसरत."

"तुमचं काय जातं? पोरगा माहा आहे."

अभिषेक दोन बायकांच्या मधे बसला होता आणि तिसरीकडे, केतकीकडे, बघत होता. मग त्याने विचारलं, आणि माझी खात्री आहे की आईसमोर बायकोला त्याने पहिल्यांदाच काही विचारलं, "तुले काय वाटते?"

केतकीने पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाली, "उद्या सुट्टी टाका. मी येते सोबत. पोळ्या सकाळी जास्तीच्या करते, वाटेत होतील."

एवढंच. भीतीचं काही नाही, धीराचं काही नाही. पोळ्यांचं. पण तो खुर्चीतून उठला आणि त्याने मॅडमकडून नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर घेतला. कुंदाताई आधीच बाहेर जाऊन रिक्षात बसल्या होत्या.

त्यानंतरचं मला माहीत नाही. मला पुसून डबीत ठेवलं. मध्ये चारुदत्तने मला लोहाऱ्याला नेलं, टिकल्या बदलल्या आणि तूप आड आलं तर कुठलाच दिवा लागू नये अशी काहीतरी खटपट केली. त्यासाठी त्याने बटाट्यांना तूप चोपडलं. त्याच्या बायकोने ते बटाटे मात्र भाजीत घेतले नाहीत. दवाखान्यात परत आले तेव्हा कपाटात मास्कच्या खोक्यामागे मला ठेवलं आणि काही महिने सगळे मला विसरले. विसरलं जाण्यात विशेष काही नसतं. काळोख असतो आणि थोडा सॅनिटायझरचा वास.

मग एक दिवस खोकं बाजूला झालं. समोर अभिषेक होता. ओळखू आला नाही. उजवा गाल आत गेलेला, जबड्याखाली लांब वण, दाढीची एक बाजू जागेवर नाही. त्याने काहीतरी म्हटलं. मॅडमना कळलं नाही.

"म्हणतेत, तुमची सळई अजून चालते का," केतकीने सांगितलं.

तुकड्यात कॅन्सर निघाला होता. फार पसरलेला नव्हता. गालाचा भाग कापला, तिथे हाताची कातडी बसवली. वाचला, असं म्हणायचं, तर वाचला. पण जीभ आता पूर्वीसारखी वळत नाही. तो बोलतो ते एकट्या केतकीलाच कळतं. ऑफिसात फोन ती करते, दुकानात ती बोलते, पाहुण्यांशी तीच बोलते. लग्नानंतर मीठ मागायला तोंड न उघडणारी मुलगी आता घरातल्या दोघांचं बोलते. त्यात तिला आनंद झालाय असं दिसलं नाही. काम आहे, ती करते.

"गालात हाताचे केस उगवून राह्यले," तिने मॅडमना सांगितलं. "रोज आरशात पाहतेत. म्हणतेत, आता आतूनही दाढी करावी लागते."

अभिषेक हसला. हसू एकाच बाजूने आलं.

मी त्याच्या नव्या गालाला टेकले. तिथे गाल नव्हता, हात होता. मला त्याचं काय करावं ते कळलं नाही. डाव्या गालावर हिरवा लागला, तो खरा होता. मॅडमनी तो आधी दोनदा पुसून घेतला होता.

कुंदाताईही आल्या होत्या. बाकावर बसल्या होत्या, केतकी तेव्हा बसली होती तिथेच. अभिषेक उठला तशा त्या उठल्या आणि कुणी न सांगता खुर्चीत येऊन बसल्या. तोंड मात्र उघडेनात. मॅडम वाट बघत होत्या. शेवटी कुंदाताईंनी मान न वळवता म्हटलं, "केतकी, तू सांग मॅडमले."

"आई दाताले तंबाखूची गुडाखू घासतात," केतकी म्हणाली. "दिवसातून खूपदा. बाथरूममध्ये डबी असते."

"आज सकाळी नाही घासली," कुंदाताई म्हणाल्या. "तेवढं सांग."

"आज नाही घासली."

"तूपही नाही लावलं."

"तूपही नाही."

मग त्यांनी तोंड उघडलं.

माझं एवढंच मागणं असतं. माझ्यासमोर बसाल तेव्हा काय खाता, काय घासता, काय चोपडून आलात, ते सांगा. तुम्हाला सांगवत नसेल तर सोबत आलेल्याला सांगू द्या, आणि त्याने सांगितलं म्हणून त्याच्यावर चिडू नका. मला तुमचा राग येत नाही, कीव येत नाही, तुमचं काही येत नाही. मी टेकते आणि वाट बघते.

कुंदाताईंच्या गालावर पिवळा लागला. नागपूरला कधी जायचं ते केतकीने तिथेच फोनवर ठरवलं. या वेळी कुंदाताई आधी रिक्षात जाऊन बसल्या नाहीत.