शिवलेला खिसा

विरेशचं पत्र अकरा महिने शब्दकोशात पडून होतं. शमुवेल रणभिसे रोज सकाळी चहानंतर शब्दकोश उघडत, कधी गरज असे, कधी नसे. पत्राची कड दिसली की पान उलटून पुढं जात. अकरा महिन्यांत त्यांनी उत्तराला चार वेळा सुरुवात केली होती. चारही वेळा 'चि. विरेश यास अनेक आशीर्वाद' याच्या पुढं लेखणी सरकली नव्हती.

विरेश वळसंगचा. पूर्वी शमुवेल ज्या ग्रंथालयात होते, तिथं तो पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचा. आता माळशिरसकडं एका साखर कारखान्यात कारकून होता. त्याचं पत्र लहानसंच होतं.

'सर, फोनवर बोलायला लाज वाटते म्हणून लिहितोय. मी पितो. कारखान्यातून सुटलो की पाय नाक्यावरच्या दुकानाकडं वळतात. दुकानासमोर उभा राहून रोज ठरवतो, आज न्हाय. आणि रोज हरतो. दुर्गा आता भांडतसुद्धा न्हाय, नुसती बघते. ते बघणं लई वाईट. तुमी छत्तीस वर्षं पुस्तकांत काढली, एक पान इकडचं तिकडं झालं न्हाय. सगळे म्हणायचे, रणभिसे सर म्हणजे सरळ माणूस. तुमी सरळ कसे राहिलात, एवढंच सांगा. तुमच्या चर्चमध्ये काही युक्ती शिकवत असतील तर तीपण लिहा.'

खरं उत्तर शमुवेलना माहीत होतं, आणि ते लिहायचं तर शहात्तराव्या वर्षी एक गोष्ट कबूल करावी लागणार होती. खोटं उत्तर लिहिणं सोपं होतं. पण आपल्यावर विसंबलेल्या माणसाला खोटं लिहायचं, मग न लिहिलेलं काय वाईट, असं म्हणून ते शब्दकोश मिटत.

एका शुक्रवारी संध्याकाळी ग्रंथालयातून रेश्माचा फोन आला. रेश्मा तिथली आताची ग्रंथपाल.

"सर, बार्शीच्या एका वकिलांच्या घरून सात खोकी पुस्तकं आलीत देणगी म्हणून. निम्मी इतकी जुनी आहेत की मला काही कळेना. उद्या येता का बघायला? तुमच्याशिवाय कोण आहे दुसरं?"

"येतो," शमुवेल म्हणाले, आणि फोन ठेवला.

सात खोकी जुनी पुस्तकं. यादी नाही, शिक्का नाही, नोंद नाही.

शनिवारी सकाळी त्यांची मुलगी अपेक्षा डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरत होती, तेव्हा ते सुईदोरा आणि एक सदरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सदरा नवा होता, ख्रिसमसला तिनंच घेतलेला.

"पप्पा, बटण तुटलं का?"

"नाही. याचे खिसे शिवून दे. दोन्ही बाजूंचे."

"फाटलेत? नवा आहे की सदरा."

"फाटले नाहीत. तोंडं शिवून टाक. बंद."

अपेक्षानं डब्याचं झाकण लावलं आणि त्यांच्याकडं नीट पाहिलं. ती शाळेत गणित शिकवायची, अर्धवट उत्तरावर तिचं समाधान होत नसे. "चष्मा कुठं ठेवणार? रुमाल? लेंग्याला तर खिसाच नाही."

"हातात धरीन."

"लोक म्हणतील, रणभिसे सरांना लेकीनं चुकून उशीचा अभ्रा घातला."

"म्हणू देत."

"आईपण तुमचे खिसे शिवायची," अपेक्षा म्हणाली. "मला आठवतं. विचारलं तर म्हणायची, तुझे पप्पा खिशात दगडगोटे भरतात, कापड ओघळतं. लहान होते तेव्हा खरं वाटायचं."

शमुवेल स्टुलावर बसले. त्यांची बायको मार्था जाऊन नऊ वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर ग्रंथालयात जाणं थांबलं, तसे खिसे उघडे राहू लागले आणि त्यांनाही त्याचं भान राहिलं नव्हतं. काल रात्री जेवताना त्यांच्या मनात येऊन गेलं होतं की सांगूच नये, स्वतःच चार टाके घालावेत. पण मग ते ठरवणं एकट्याचं झालं असतं, आणि एकट्याचं ठरवणं किती टिकतं ते त्यांना ठाऊक होतं.

"दगडगोटे नव्हे," ते म्हणाले. "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक पुस्तक चोरलं होतं."

अपेक्षानं दुधाखालचा गॅस बंद केला.

"जुनं प्रवासवर्णन होतं. इतकं छोटं, या खिशात मावेल एवढं. ते घ्यायचं असं मी ठरवलंही नव्हतं. कपाटापुढं उभा होतो, आणि रस्त्यावर आलो तेव्हा ते खिशात होतं. सहा दिवस घरात होतं, गादीखाली. त्यातलं एक पान वाचलं नाही. सातव्या दिवशी परत नेऊन ठेवलं. कुणाला कळलं नाही. पण मला एक कळलं. पुस्तक समोर आलं की ठरवायला मी शिल्लकच राहत नाही. जे ठरवायचं ते घरून ठरवून निघायला पाहिजे. तुझ्या आईला म्हटलं, खिसे शिव. पिशवी दाराबाहेर खिळ्याला अडकवू लागलो."

"आणि आईला कारण?"

"तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

"पप्पा, चर्चच्या आधीच्या पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात तुमचं नाव घेतलं होतं. मोहाला हसत 'नाही' म्हणणारा माणूस म्हणून."

"मी तेव्हा बुटांकडं बघत होतो," शमुवेल म्हणाले. "मी कसला नाही म्हणतोय. खिसे शिवलेला माणूस नाही म्हणाला तर त्यात त्याचं काय? खरा खंबीर माणूस उघड्या खिशानं जातो आणि रिकामा येतो. मी घाबरट. कपाटासमोर मला कधी प्रार्थनासुद्धा करता आली नाही. तिथं माझं तोंड देवाकडं नसतंच. म्हणून सकाळीच मागून घ्यायचो, चहाच्या आधी."

अपेक्षानं सुईत दोरा ओवला. पहिल्यांदा तिनं धावदोरा घातला, मग काय वाटलं कोण जाणे, तो उसवून जास्त पक्की उलटी टीप घालायला घेतली. दोरा संपल्यावर दातांनी तोडला.

"आता उंबऱ्यावर नीट सांगा," ती म्हणाली. "काय आणणार घरी?"

"काही नाही."

"मी बघणार संध्याकाळी."

"बघ," शमुवेल म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, आणि बऱ्याच वर्षांनी हलकंही वाटत होतं.

ग्रंथालयाच्या दारात जुना शिपाई शिवप्पा बसला होता. तोही निवृत्तीला आला होता.

"सर, तुमचा खिळा अजून हाय तितंच. मी कुणाला काढू दिला न्हाय."

"बरं केलंस."

"पण पुस्तकं चोरणारा हिकडं कशाला यील सांगा की. पिशवी आत न्या, आत पंखा हाय तिलापण."

शमुवेल हसले, डब्याची पिशवी खिळ्याला अडकवली आणि चष्मा हातात धरून आत गेले.

खोकी मागच्या खोलीत होती. रेश्मा समोर बसून लिहून घेत होती, शमुवेल एकेक पुस्तक पुसून सांगत होते. कोणतं ठेवण्याजोगं, कोणाची पानं मोडायला आलीत, कोणत्याची प्रत आधीच आहे. दुपारपर्यंत चार खोकी झाली. पाचव्याच्या तळाशी, दोन कायद्याच्या जाड पुस्तकांच्या मध्ये, एक पुस्तिका निघाली. मुखपृष्ठ नव्हतं. साठेक पानं, जुनी मिशनच्या छापखान्याची छपाई, कागद चहाच्या रंगाचा.

ती दुष्काळाची हकीकत होती. कुणा मास्तरानं लिहिलेली, सोलापुराभोवतालच्या गावांची. अकराव्या पानावर विहीर खणणाऱ्यांची नावं होती, आणि त्यांत पाचवं नाव होतं, 'दाऊद रणभिसे, याने आपल्या वाट्याचे पाणी शेजारच्या लेकरांस दिले.'

दाऊद रणभिसे म्हणजे शमुवेलचे पणजोबा. घरात त्यांच्याबद्दल एवढंच सांगत की ते दुष्काळात गेले. फोटो नव्हता, कागद नव्हता, कबरीवर दगड नव्हता.

"सर, मी जरा खाली जाऊन येते," रेश्मा म्हणाली. "वीज मंडळाचा माणूस आलाय. दहा मिनिटं."

ती गेली. खोलीत पंख्याचा आवाज राहिला.

आणि शमुवेलच्या मनानं वकिली सुरू केली. ही पुस्तिका या घराण्याची आहे, आणि घराण्यात आता तू आणि अपेक्षाच. त्या वकिलांच्या घरी तिला कुणी ओळखत नव्हतं. इथं ती कपाटात जाईल, कपाटाला कुलूप लागेल, दहा वर्षांत कसर खाऊन टाकील. तू जपशील. चोरी म्हणजे दुसऱ्याचं घेणं, हे तर तुझंच. मागितलीस तर समिती, अर्ज, ठराव, आणि शेवटी नकार. आणि यादी अजून झालेली नाही.

हे सगळं त्यांना पटत होतं. इतकं पटत होतं की पुस्तिका उजव्या हातात केव्हा मिटली आणि हात केव्हा खाली आला, ते त्यांना समजलं नाही. पुस्तिकेची कड कापडाला लागली आणि आत गेली नाही. त्यांनी पुन्हा लोटली. पुन्हा अडली.

त्यांनी खाली पाहिलं. अपेक्षाची उलटी टीप होती, बारीक, सरळ, एकेक टाका शेजारच्याला धरून बसलेला.

शमुवेल खुर्चीवर बसले. शहात्तर वर्षांचा हात, आणि बावन्न वर्षांपूर्वीच्याच वाटेनं गेला. पण त्या शरमेच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं, आणि ते ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. आज इथं, या खोलीत, त्यांनी काहीच जिंकलं नव्हतं. जिंकलं होतं ते सकाळी, स्टुलावर बसून, लेकीला खरं सांगितलं तेव्हा. छत्तीस वर्षं ते रोज सकाळीच जिंकत आले होते आणि रोज दुपारी स्वतःला घाबरट म्हणत आले होते. जो माणूस आपला हात कुठं जाणार हे ओळखतो आणि तो हात शुद्धीवर असतानाच देवाच्या आणि घरच्यांच्या स्वाधीन करतो, त्याला घाबरट का म्हणायचं? असं कुठं लिहून ठेवलंय?

रेश्मा परत आली तेव्हा पुस्तिका टेबलावर मधोमध होती.

"ही सगळ्यांत आधी नोंदवा," शमुवेल म्हणाले. "आणि आजच शिक्का मारा, माझ्यासमोर. अकराव्या पानावर माझे पणजोबा आहेत."

रेश्मानं वाचलं. ते वाक्य तिनं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. "सर, ही बाहेर काचेच्या कपाटात लावू या. तुमच्या घरी फोटोप्रत देते करून. मागायची नाही का तुम्ही?"

"मागायचं सुचलंच नाही," शमुवेल म्हणाले, आणि ते शब्दशः खरं होतं.

संध्याकाळी अपेक्षा दारातच उभी होती. "दाखवा."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. एकात चष्मा, दुसऱ्यात रिकामा डबा आणि एका पानाची फोटोप्रत. तिनं वाकून दोन्ही खिशांवरून बोट फिरवलं. उजवीकडचा एक टाका किंचित ताणला होता. तिनं वर पाहिलं.

"व्हायला आलं होतं," शमुवेल म्हणाले. "झालं नाही."

अपेक्षा त्या टाक्यावर बोट ठेवून तशीच राहिली. "आई दर रविवारी इस्त्री झाल्यावर असंच बोट फिरवायची. मला वाटायचं, सुरकुत्या बघते." मग तिनं त्यांच्या हातातून फोटोप्रत घेतली, वाचली, आणि मार्थाच्या फोटोच्या चौकटीत काचेच्या कडेला खोचली. "तुमच्या पणजोबांचा अभिमान वाटतो, पप्पा. पण आज ते दुसऱ्या नंबरला."

शमुवेल टेबलाशी गेले. शब्दकोशातून पत्र काढलं. पाचव्यांदा 'चि. विरेश यास अनेक आशीर्वाद' लिहिलं, आणि या वेळी लेखणी थांबली नाही.

'मी सरळ माणूस नाही. मी चोर होतो, आणि आजही झालो असतो,' इथून त्यांनी सुरुवात केली. पुस्तक, गादी, खिसे, मार्था, आजची दुपार, सगळं लिहिलं. मग लिहिलं, 'तू दुकानासमोर उभा राहून ठरवतोस. तिथं ठरवू नकोस, तिथं तू नसतोसच. सकाळी ठरव. माझी प्रार्थना चहाआधीची असते, तुझी इष्टलिंगाची पूजा असेल, त्या वेळी ठरव. मग ते दुर्गाला तोंडानं सांग. कोणत्या रस्त्यानं येणार, किती वाजता येणार, सांग. नाक्याचा रस्ता सोड, लांबचा धर. तिला कारखान्याच्या दारात घ्यायला ये म्हण. लाज वाटेल. मला बावन्न वर्षं वाटली, त्यात तुझे अकरा महिने गेले, त्याबद्दल मला क्षमा कर. आपल्यासाठी दुसऱ्या कुणी घातलेला टाका आपला नसतो असं मी समजत होतो. आज मला त्याचा अभिमान वाटतो. तुझा पहिला दिवस झाला की कळव.'

सोमवारी सकाळी ते पत्र टाकायला निघाले. सदरा तोच होता, टाके तसेच. खिशात घालायची सोय नव्हती, म्हणून पाकीट हातात धरून, पत्ता वर ठेवून, ते भर रस्त्यानं टपाल कचेरीपर्यंत चालत गेले. वाटेत दोघांनी विचारलं, सर, कुणाला पत्र? त्यांनी थांबून सांगितलं. मग पेटीच्या तोंडाशी पाकीट नेलं, आणि सोडलं.