मास्तर मागच्या सीटवर

एकोणीसशे शहात्तर सालची गोष्ट. त्या वर्षी मिस्त्रींच्या डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांची राखाडी स्कूटर जिन्याखाली जाऊन बसली.

मिस्त्री म्हणजे शिलाई मशिनं दुरुस्त करणारे. शिंप्यांच्या वस्तीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. मशिन उघडलं की कुठला स्क्रू कुठल्या बशीत ठेवला हे लक्षात ठेवायचं काम काकूंचं, म्हणून रोज सकाळी मिस्त्री पुढे आणि काकू मागे, मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन, अशी त्यांची वरात निघायची.

काकूंना आणखी एक काम होतं. त्या स्कूटरला वळायचं असलं की मिचकावायला दिवे नव्हते, हात दाखवावा लागे. मिस्त्रींचे दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा हात काकू दाखवत. डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. कुठं वळायचं हे विचारावंही लागत नसे, मिस्त्रींचा खांदा जरासा कलला की त्यांना कळे. मिस्त्रींची सक्त ताकीद एकच होती.

"हात काढलास की वळण संपेपर्यंत आत घ्यायचा नाही. मागच्याला वाटेल, बेत बदलला."

काकूंनी हा नियम इतकी वर्षं पाळला की रस्त्यातले लोक त्यांना सिग्नलवाल्या काकू म्हणू लागले.

मग काचबिंदू निघाला. मिस्त्रींना समोरचं स्पष्ट दिसे, सुईत दोरा ओवता येई, पण कडेचं दिसेनासं झालं. कडेनं आलेली दुधाची सायकल त्यांना दिसलीच नाही. दूधवाला वाचला, दूध गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, "काम करा, पण स्कूटर चालवायची नाही."

मिस्त्रींचे धाकटे भाऊ, म्हणजे काकूंचे भाऊजी, दुसऱ्याच दिवशी आले. नव्या मशिनांचं त्यांचं मोठं दुकान होतं, आणि नुकतीच घेतलेली मोटार. मोटारीची किल्ली ते बोलताना बोटावर फिरवत.

"दादा, पहिल्या तारखेपासून दुकानात या. रोज दाराशी मोटार पाठवतो. काचेमागे खुर्ची टाकतो, ऐटीत बसा."

"नव्या मशिनांत मी काय करू? त्यांचं काही दुखत नाही."

"तेच तर. आराम करा म्हणतोय. पहिलीच्या आत कळवा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मनात त्यांच्या काही वाईट नव्हतं. पण ते गेल्यावर मिस्त्री पेटी उघडून एकेक हत्यार पुसत बसले, आणि काकूंना ते बघवेना. खुर्चीवर बसवलेला मिस्त्री वर्षभरात म्हातारा होईल, हे त्यांना लख्ख दिसत होतं. भाऊजींची मोटार मागून शिंप्यांकडे जावं म्हटलं, तर त्या गल्ल्यांत मोटारीचं नाकसुद्धा शिरलं नसतं. शिवाय आज या, उद्या थांबा, हे त्यांना कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"मी चालवते स्कूटर," काकू म्हणाल्या. "तुम्ही मागे बसा."

"मागे पेटी बसते."

"इतकी वर्षं मी बसले ती?"

"तू पेटी धरायला बसायचीस."

काकूंनी पुढे वाद घातला नाही. शिकाऊ परवाना काढला, शिकाऊची लाल 'एल' अक्षराची पाटी स्कूटरला लावून घेतली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत सकाळच्या फेऱ्या सुरू केल्या. शेजारची पोरं कुंपणावर बसून टाळ्या पिटत. मिस्त्री खाली उतरत नसत, पण खिडकीला कान लावलेला असे.

"अगं, दुसरा गिअर टाक, रडतंय ते इंजिन," वरून आवाज यायचा.

"खाली येऊन सांगा की."

खिडकी बंद व्हायची.

महिना संपत आला आणि काकूंची परीक्षा आली. परीक्षा घेणारे साहेब कडक होते. त्यांनी काकूंना सरळ पाठवलं, थांबवलं, पुन्हा निघायला लावलं. सगळं नीट. मग म्हणाले, "आता चौकातून उजवीकडे वळून या."

काकूंनी उजवा हात बाहेर काढला. आणि ठेवला. वळण संपेपर्यंत आत घ्यायचा नाही, हे हाताला पाठ होतं. पण रेस द्यायची मूठही उजव्याच हातात असते, हे हाताला कोण सांगणार? स्कूटर हळू झाली, दोन आचके दिले आणि ऐन चौकात बंद पडली. चारी बाजूंनी भोंगे वाजू लागले, तरी काकूंचा हात बाहेरच.

साहेब चालत आले. "बाई, हात दाखवायचा आणि परत घ्यायचा. तुम्ही तर वाळत घातलात. महिन्यानं या."

काकू स्कूटर ढकलत घरी आल्या. मिस्त्रींनी विचारलं, काकूंनी जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्री आधी हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग डोळे पुसले.

"म्हणजे मीच नापास केलं तुला," ते म्हणाले. "तो नियम मागे बसणाऱ्यासाठी होता गं."

"आता काय उपयोग? परवा पहिली तारीख."

मिस्त्री उठले, कपाटातून त्यांचा परवाना काढून आणला आणि अगदी नाकासमोर धरून वाचला. "याची मुदत अजून आहे. शिकाऊ माणसाच्या मागे परवानेवाला मास्तर असला की रस्त्यावर जाता येतं, हो ना? डॉक्टर म्हणाले चालवायची नाही. शिकवायचं नाही असं म्हणाले नाहीत."

काकूंनी हसू गिळलं. "चालेल मास्तर."

पहिल्या तारखेला भाऊजींची मोटार दाराशी आली तेव्हा स्कूटर फुरफुरत उभी होती. पुढे काकू, मागे मांडीवर पेटी घेतलेले मिस्त्री.

"दादा, हे काय?"

"वर्ग चालू आहे. संध्याकाळी ये चहाला."

पहिल्याच नाक्यावर मिस्त्रींनी आपणहून डावा हात काढला. काकू निघाल्या होत्या सरळ. मागचा सायकलवाला थांबला आणि त्यानं दोघांचाही उद्धार केला.

"हात मला विचारून काढा हो."

"मला वाटलं, आधी कोटवाल्या शिंप्याकडे."

"वाटायचं काम आता पुढे असतं."

त्या दिवसापासून काकू म्हणत, "उजवा," आणि मागून हात निघे, वळण संपेपर्यंत हलत नसे. परीक्षेसाठी मात्र मिस्त्रींनी त्यांना एकटीनं हात दाखवून झटकन परत मुठीवर आणायला शिकवलं. स्वतःचाच नियम मोडायला शिकवताना ते जरा कुरकुरले. पुढच्या महिन्यात काकू पास झाल्या.

घरी येऊन त्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन लाल पाटी काढायला बसल्या. मिस्त्री पायरीवर पेटी घेऊन उभे होते.

"सुटला म्हणायचा मास्तर," ते म्हणाले. थट्टेतच म्हणाले, पण पेटी खाली ठेवली आणि पायरीवर बसले.

काकूंनी स्क्रू ड्रायव्हर स्क्रूला लावला, आणि काढून घेतला.

"गंजलाय वाटतं. फिरतच नाही."

मिस्त्रींच्या हाताखाली न सुटलेला स्क्रू अजून जन्माला यायचा होता. ते उठले, पाटीवरून बोट फिरवलं.

"असू दे. जोर केला तर आटे जातील," ते म्हणाले. "उद्या लवकर निघू. धड्याला उशीर नको."

पाटी राहिली. पुढे वर्षानुवर्षं राहिली. कोणी पोलीस हटकलाच तर काकू म्हणत, "अजून शिकतेय," आणि मागून मास्तर दुजोरा देत.

भाऊजींच्या दुकानातल्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला आणि दोन वर्षांत जाडजूड झाला. मोटार बरीच वर्षं चालली. मग रस्ते इतके भरले की भाऊजींनी गुपचूप एक स्कूटर घेतली, फक्त दूध आणण्यापुरती, असं ते सांगत. परीक्षेचे साहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरचं मशिन दुरुस्तीला आलं. ते न्यायला आले तेव्हा त्यांना जिन्याखालच्या स्कूटरवर ती पाटी दिसली. काकूंकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली.

मिस्त्रींची नजर अरुंद होत होत नळीतून बघावं इतकीच उरली, तरी शेवटच्या आजारापर्यंत ते पेटी घेऊन मागे बसत राहिले. ते गेल्यावर काकूंनी स्कूटर भाऊजींच्या नातीला दिली. देण्याआधी पाटी काढायला घेतली, तर स्क्रू नुसत्या बोटांनी सुटला. मिस्त्रींनी त्याला नेमानं तेल दिलं होतं.

काकू आता थकल्या. कुठं जायचं तर कोणाच्या तरी मोटारीत, खिडकीशी बसून जातात. चालवणारा दिवा लावतो, तो टिकटिकत राहतो, पण त्या दिव्यावर काकूंचा भरवसा नाही. वळण आलं की त्यांचा हात खिडकीबाहेर जातो, आणि वळण संपेपर्यंत आत येत नाही.