सोमवारची चक्कर

सिद्धम्माला तीन महिन्यांत तीनदा चक्कर आली आणि तिच्या मुलानं, रुद्रेशनं, ठरवूनच टाकलं. उदगीरचं बांगड्यांचं दुकान बंद करायचं आणि अव्वानं नांदेडला आपल्याकडं येऊन राहायचं. चाळीस वर्षं रोज सकाळी तिनंच उघडलेलं दुकान. एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारी सिद्धम्मा, पण आता तिचाही धीर सुटला होता. लातूरच्या दवाखान्यात दोनदा तपासण्या झाल्या, साखर बरोबर, हृदय ठणठणीत. आजची तिसरी खेप शेवटची, असं रुद्रेशनं बजावलं होतं.

नोंदणीच्या खिडकीत अंबिका कॉम्प्युटरवर बसायची. फॉर्ममधले प्रश्न ठरलेले, उत्तरं हो नाहीतर नाही. सिद्धम्माचं बोलणं एवढ्यात थोडंच आटोपतंय? पण अंबिकाला एक खोड होती. माणूस जे बोलेल ते ती खालच्या रिकाम्या चौकटीत जसंच्या तसं टाइप करायची. मागं रांग कुरकुरायची. तिचे साहेब आनंदराज म्हणायचे, "ते कोन वाचतंय गं?"

खरंच कुणी वाचत नव्हतं. या महिन्यात मात्र दवाखान्यात नवी सोय आली होती. चौकटीतलं सगळं लिखाण कॉम्प्युटर स्वतः वाचायचा आणि मतलबाचं तेवढं डॉक्टरांपुढं मांडायचा.

डॉक्टर शिल्पा पडद्यावरचं वाचता वाचता थांबल्या. पहिल्या खेपेला सिद्धम्मा बोलली होती, "शुगरची गोळी उपासाला बी चुकवत न्हाई. गोळी म्हंजे काय अन्न हाय व्हय?" दुसऱ्या खेपेला, "सोमवार महादेवाचा, रातपर्यंत तोंडात काय घालत न्हाई." आणि आज, "शेजारची कमलम्मा गूळपानी पाजती, मग बरं वाटतंय." तिन्ही वेळा चक्कर सोमवारीच आली होती.

"मावशी, उपाशीपोटी शुगरची गोळी घेता, साखर एकदम उतरते," डॉक्टर म्हणाल्या. "गूळपाणी पिऊन इथं येता, म्हणून आम्हाला ती बरोबर दिसते. सोमवारी गोळी उपवास सोडतानाच घ्यायची, जेवणासोबत."

"महादेवाचं काय?"

"त्याचा उपवास तसाच राहू द्या."

शेजारी बसलेल्या रुद्रेशनं मान खाली घातली. "उपास मला म्हाईत होता, अव्वा. सांगायचं सुचलंच न्हाई." नांदेडचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. सिद्धम्माचा जीव भांड्यात पडला.

जाताना ती खिडकीशी थांबली. "अंबिका, अजून एक लिव्ह. माजं समदं ह्या पोरीनं ऐकून घेतलं. तिचं लई भलं होऊ दे."

"हे कशाला, मावशी?"

"लिव्ह म्हनते ना."

अंबिकानं टाइप केलं. रांग नेहमीसारखी कुरकुरली.

महिन्यानं सिद्धम्मा पुन्हा आली, या वेळी एकटीच, एसटीनं. हातात अंबिकासाठी हिरव्या बांगड्यांचा डझन होता. डॉक्टरांनी पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं, "चार सोमवार चक्कर नाही. दुकान रोज उघडते." मग त्या हसल्या. "हा कॉम्प्युटर मतलबाचं तेवढंच ठेवतो, तरी खाली अजून एक ओळ आहे. नोंद घेणाऱ्या अंबिकाचं भलं व्हावं, अशी रुग्णाची इच्छा आहे."

सिद्धम्मानं चष्मा सारखा करून त्या कॉम्प्युटरकडं नीट पाहिलं.

"मतलबाचं तेवढंच ठिवतंय म्हना की," ती म्हणाली, आणि बांगड्या घेऊन खिडकीकडं निघाली.