शेवटची वीस मिनिटं

माझ्या वडिलांनी हॅलब्रिज टाऊनचा एकही फुटबॉल सामना शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. तेवीस वर्षं ते सीझनचं तिकीट काढत होते. मुख्य स्टँडमधली चौदा नंबरची जागा त्यांची, शेजारची पंधरा नंबरची माझी. सत्तर मिनिटं झाली की ते टोपी डोक्यावर घट्ट बसवायचे, दोनदा खोकायचे आणि म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो गं." मग यायचेच नाहीत. सामना संपल्यावर चिप्सच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभे असायचे आणि मलाच विचारायचे, "काय झालं?"

आपण तीन-शून्यने पुढे असलो तरी हेच.

बाबा, म्हणजे विल्फ हारग्रीव्ह, हे गावातला सगळ्यात थंड डोक्याचा बसड्रायव्हर. बर्फ पडलं की मिल हिलचा उतार त्यांच्याशिवाय कुणी उतरायला धजत नसे. एकदा भरल्या बसचे ब्रेक गेले, तेव्हा त्यांनी ती चर्चच्या कुंपणात अलगद नेऊन लावली होती आणि शिवाय उतरताना बायकांना हात दिला होता. पण बाविशीतली अकरा पोरं चेंडूमागे धावायला लागली की या माणसाचे गुडघे थरथरायचे.

त्या वर्षी तर विचारूच नका. आमच्या क्लबने लीग कधीच जिंकलेली नव्हती. आणि त्या वसंतात आम्ही आणि ऑर्मस्टन रोव्हर्स असे दोघेच उरलो होतो. एका शनिवारी आम्ही वर, पुढच्या शनिवारी ते. मार्चपासून आमच्या घरात कुणी सरळ बोलत नव्हतं. बाबांचा मफलर धुवायला आईला बंदी होती. तो खुर्चीच्या पाठीवर उभा राहील इतका कडक झाला होता. आईने एका सोमवारी चुकून नवा टेबलक्लॉथ घातला आणि त्याच आठवड्यात आम्ही हरलो. तर तो टेबलक्लॉथ बाबांनी स्वतः घडी करून माळ्यावर टाकला.

"माझं लग्न कुणाशी झालंय तेच कळत नाही," आई म्हणायची. "माणसाशी की गुणतक्त्यातल्या नंबराशी."

बसमध्ये चढणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय विल्फ, जमतंय का या वर्षी?" शेवटी त्यांनी ड्रायव्हरच्या काचेवर पुठ्ठा लावला : 'फुटबॉलबद्दल बोलू नये.' तर लोक चढताना नुसत्या भुवया उडवायला लागले. बाबा म्हणाले, ते जास्त वाईट.

इथे एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात हातातून काही निसटलं, कप म्हणा, बशी म्हणा, अंडं म्हणा, की आजूबाजूचे ओरडतात, "टॅटरसॉल!" मी लहानपणापासून हा शब्द वापरत होते. 'आज दोन प्लेटा टॅटरसॉल केल्या' असं मी कामाला होते त्या बिस्किटांच्या कारखान्यातही आम्ही म्हणायचो. तो माणसाचं नाव आहे हे मला बाराव्या वर्षी कळलं. नॉर्मन टॅटरसॉल हा टाऊनचा गोलकीपर. एकतीस वर्षांपूर्वी आम्ही एकदाच विजेतेपदाच्या इतके जवळ गेलो होतो. शेवटच्या सामन्यात तीन मिनिटं उरली असताना आपल्याच खेळाडूने मागे ढकललेला साधा, मऊ चेंडू त्याच्या हातातून सुटला, पायांमधून घरंगळला आणि गोल झाला. लीग गेली. माणूस गावातच राहिला म्हणे, पण मैदानात पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

तर मेमधला शेवटचा शनिवार उजाडला. आम्ही एका गुणाने वर होतो. आम्ही जिंकलो तर लीग आमची, बाकी कुणाकडे बघायचं कारण नाही. पण आमची बरोबरी झाली आणि ऑर्मस्टन तिकडे जिंकले, तर त्यांची.

बाबांनी सकाळी बुटांना तीनदा पॉलिश केलं. एकाच बुटाला.

मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. माझ्या पलीकडे, सोळा नंबरला, नेहमीप्रमाणे आयव्ही मावशी. आमच्या गल्लीतलीच, सत्तरीची, मांडीवर पेपरमिंटच्या गोळ्यांची पिशवी आणि कानाला ट्रान्झिस्टर. खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस नव्हते ते; दुसऱ्या मैदानावर काय चाललंय ते अशा ट्रान्झिस्टरवाल्यांकडूनच कळायचं. आमच्या आजूबाजूच्या चार रांगांचं बातमीपत्र म्हणजे आयव्ही मावशी.

सामना रटाळ होता. आमची पोरं इतकी घाबरलेली की चेंडू पायाला चटका देतोय असं वाटावं. अर्ध्या वेळेला शून्य-शून्य. तिकडेही शून्य-शून्य. पासष्टाव्या मिनिटाला आयव्ही मावशीने गोळी चघळायची थांबवली.

"ऑर्मस्टनने मारला," ती म्हणाली.

बातमी रांगांमधून सरकताना दिसत होती, एकेक डोकं खाली जात होतं. बाबांनी टोपी बसवली.

"बाबा, आज नको ना," मी म्हटलं. "आजच्या दिवस तरी बसा."

"पाय आखडलेत गं."

"पाय नाही, पिसं आखडलीत भित्र्या कोंबडीची," आयव्ही मावशी म्हणाली. "जा विल्फ, जा. तू गेल्यावर तरी गोल होईल."

ते दोनदा खोकले आणि गेले.

गोल काही झाला नाही. आमचा एक फटका खांबाला लागून परत आला तेव्हा मागच्या रांगेतला एक भला दांडगा खाटीक चक्क रडायला लागला. आणि मग, ब्याऐंशीव्या मिनिटाला, आयव्ही मावशीने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की वळ दोन आठवडे राहिला. "बरोबरी! ऑर्मस्टनवर गोल! एक-एक!"

म्हणजे आता आम्ही आहोत तसेच राहिलो तरी लीग आमची. माझ्या मनात एकच आलं. बाबा भिंतीला टेकून उभे असतील आणि त्यांना हे ठाऊक नसेल. मी उठले आणि लोकांचे पाय तुडवत खाली पळाले.

चिप्सच्या दुकानापाशी ते नव्हते. दुकानवाली बाई दारात उभी होती. "तुझा बाप ना? तो इथे सामना संपताना येतो," ती म्हणाली. "आधी तिकडे असतो, वाफ्यांत."

रस्त्यापलीकडे, गॅसच्या टाक्यांमागे, नगरपालिकेने लोकांना भाजी लावायला दिलेले जमिनीचे तुकडे आहेत. मी कुंपणाचं दार ढकललं. एका लाकडी खोपटासमोर दोन उलट्या बादल्यांवर दोन माणसं बसली होती. एक माझे वडील. दुसरा उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा, हात फावड्याएवढे. मध्ये थर्मास. दोघांनी डोळे मिटलेले.

"कॉर्नर," बाबा म्हणाले.

"छे. थ्रो," तो माणूस म्हणाला. "कॉर्नरला आवाज डावीकडून चढतो. हा सपाट आहे. ऐक, आता आत टाकतील... टाकला... झेलला. छातीशी धरला पोराने. शाब्बास."

मैदानातून सुटकेचा एक मोठा सुस्कारा आला, अगदी त्याच्या बोलण्यामागोमाग.

"बाबा?" मी म्हटलं.

वडिलांनी डोळे उघडले. चोरी करताना पकडल्यासारखा चेहरा. "गिल! अगं, हा नॉर्मन," ते म्हणाले. "नॉर्मन टॅटरसॉल. चौदा वर्षं झाली आम्ही... म्हणजे एकदा पाऊस होता, याने खोपटात घेतलं."

चौदा वर्षं! आईला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. प्रत्येक घरचा सामना, शेवटची वीस मिनिटं, इथे. मला रागच आला. पण वेळ नव्हता. मी धापा टाकत सांगितलं, "ऑर्मस्टन एक-एक. असंच राहिलं तर जिंकलो आपण."

बाबा बादलीवरून उठले, परत बसले, परत उठले.

"बसून घे विल्फ," टॅटरसॉल म्हणाला. "तू उठलास की मला ऐकू येत नाही."

मग ती शेवटची मिनिटं आम्ही तिघांनी कांद्यासारख्या लीकच्या रोपांमध्ये काढली. काही दिसत नव्हतं, फक्त स्टँडची ती पत्र्याची छपरं आणि त्यांच्याखालून येणारा तो आवाज. टॅटरसॉल सांगत होता : आता त्यांचा फटका, बाहेर. आता आपला कुणीतरी पडलाय. आता पंच घड्याळ बघतोय, ऐका, शिट्ट्या मारतायत त्याला. एकदा सगळं एकदम गप्प झालं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "कुणीतरी एकटा सुटलाय," तो पुटपुटला. बाबांनी माझा हात धरला. मग गर्जना झाली, पण गोलाची नव्हे. त्याने डोकं हलवलं. "पायाने अडवला. पोरगं धीट आहे हो."

लांब शिटी वाजली. शून्य-शून्य. पण आरोळी उठलीच नाही.

"का ओरडत नाहीत?" बाबांनी विचारलं.

"तिकडचा संपला नसेल," मी म्हटलं. "मध्ये कुणीतरी जखमी झाल्याचं मावशीच्या ट्रान्झिस्टरवर सांगितलं होतं, म्हणून लांबलाय. चला आत. फाटकं उघडलीत."

"मी? नाही बाई."

"बाबा, आपला खेळ संपला. मैदानावर चेंडूसुद्धा नाही. घाबरायला काही उरलेलंच नाही तिथे!"

ते विचारात पडले. हे त्यांना पटलं असावं. त्यांनी टॅटरसॉलकडे पाहिलं. "तू पण चल."

"माझं काय काम तिथे?" तो थर्मासचं झाकण लावत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू म्हणतेस का गं तो शब्द? कप फुटला की?"

मला खोटं बोलता आलं नाही. "म्हणते."

"माझी बायकोही म्हणते," तो म्हणाला. "एकदा पाद्रीबाबासमोर म्हणाली आणि मग तीन दिवस माझ्याशी गोड वागली." तो हसला नाही, पण भुवया हलल्या. "त्या कीपर पोराला एकदा बघायला हवं. गुडघे वाकवून उभा राहतो की नाही ते काही आवाजावरून कळत नाही." त्याने पाण्याच्या पिंपात हात धुतले, पँटला पुसले आणि निघाला.

आत शिरलो तेव्हा इतकी माणसं आणि इतकी शांतता मी आधी कधी पाहिली नव्हती. आमचे खेळाडू गवतावर बसलेले, कुणी गुडघ्यात डोकं घातलेलं. जिथे जिथे ट्रान्झिस्टर होता तिथे तिथे घोळका. आम्ही पायऱ्या चढून आमच्या रांगेकडे गेलो. आयव्ही मावशीभोवती तीसएक जण वाकलेले होते. तिने मान वर केली, बाबांना पाहिलं, मग त्यांच्या मागच्या माणसाला. त्या दिवशीही ती याच स्टँडमध्ये होती, एकतीस वर्षांपूर्वी. तिने त्याला ओळखलं आणि तिच्याभोवतीच्या चारपाच म्हाताऱ्यांनीही.

एवढ्यात ट्रान्झिस्टर खरखरला. ऑर्मस्टनला फ्री किक, गोलच्या अगदी समोर, शेवटच्या मिनिटाला.

"मला नाही ऐकवत," आयव्ही मावशी म्हणाली. तिने ट्रान्झिस्टर सरळ त्याच्यापुढे धरला. "घे नॉर्मन. तू ऐक आणि आम्हाला सांग." आणि मग, तिची ती जीभ कुठली गप्प बसायला, "पण देवाशपथ सांगते, पाडलास तर बघ!"

क्षणभर मला वाटलं, आता हा पाठ फिरवून जाणार. बाबांनी तर डोळेच मिटले. पण नॉर्मन टॅटरसॉल हसला. आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत. खाटीक हसला, म्हातारे हसले. त्याने ट्रान्झिस्टर दोन्ही हातांत घेतला, छातीशी घट्ट धरला आणि कान त्यावर टेकवला.

"भिंत उभी केलीय," तो म्हणाला. "पाच जण. थांबलेत. पंच मागे सरकवतोय... आता धावला." त्याचा श्वास थांबला. आमचाही.

"झेलला," तो म्हणाला. "कीपरने झेलला." आणि पुढच्या श्वासाला, "संपलं. शिटी. संपलं रे!"

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. खाटकाने मला उचललं होतं एवढं आठवतंय. आयव्ही मावशीच्या गोळ्या सगळ्या पायऱ्यांवर सांडल्या होत्या आणि लोक त्यांवरून घसरत मैदानाकडे पळत होते. बाबा चौदा नंबरच्या खुर्चीवर टोपी तोंडावर धरून बसले होते. मी शेजारी बसले. ते टोपीआडून म्हणाले, "तुझ्या आईला तो टेबलक्लॉथ काढून द्यायला हवा."

खाली गवतावर हजारो माणसं नाचत होती. त्यांतून वाट काढत टॅटरसॉल एकटाच दूरच्या गोलपर्यंत चालत गेला. मी बाबांना उठवलं आणि आम्ही त्याच्यामागून गेलो. आमचा एकोणीस वर्षांचा गोलकीपर तिथे लोकांच्या खांद्यांवरून नुकताच उतरला होता, एका पायात बूटच नव्हता. त्याला हा म्हातारा कोण ते ठाऊक नव्हतं. टॅटरसॉलने त्याचे पंजे हातात घेऊन उलटसुलट पाहिले, जसं एखादं भाजीचं रोप पाहावं.

"पायाने अडवलास तो," टॅटरसॉल म्हणाला, "गुडघे वाकलेले होते ना?"

"होते," पोरगा म्हणाला.

"मला वाटलंच."

मग त्याने गोलसमोरच्या गवतावर बुटाची टाच फिरवली आणि बाबांना म्हणाला, "इथे खड्डा आहे रे विल्फ. एकतीस वर्षं झाली, अजून भरला नाही यांनी." बाबा म्हणाले, खड्डा कसला, सपाट तर आहे. तो म्हणाला, तू बसड्रायव्हर, तुला काय कळतंय. आणि भोवती आख्खं गाव गात असताना ते दोघे तिथे ओणवे होऊन, हाताने गवत चाचपत, भांडत राहिले.